सगळे खिळे भरलेले

वाटाण्याएवढं ते काळं बोंड कानात काही केल्या बसेना, दोनदा निसटून शर्टावर लोंबलं, आणि तिसऱ्यांदा त्यानं ते अंगठ्यानं दाबून आत सारलं तेव्हा एकदम डोक्याच्या आतच कुणीतरी बोलायला लागलं — “सगळ्यांना माझा आवाज येतोय ना? येत असेल तर हात वर करा” — गाईड मुलगी तिकडे वीस पावलांवर, छत्री उंच धरून उभी; ओठ तिचे तिकडे हलत होते आणि शब्द मात्र इथे, उजव्या कानाच्या पार आत, जिथे गेली दहा-बारा वर्षं धड काही ऐकू येत नव्हतं. त्यानं हात वर केला. बायकोनंही केला. तिचं बोंड पहिल्या फटक्यात बसलं होतं. तिचं सगळंच पहिल्या फटक्यात बसतं.

“इतका वर नका धरू हात,” ती म्हणाली. “शाळेत आहात का?”

तिकिटं लेकीनं पाठवली होती, लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून. ‘बाबा, तुम्ही जिथे पोती उचललीत ना, तिथे आता लोक रांगा लावून बघायला येतात, जा की दोघं!’ पोरीला हौस भारी. त्याला वाटलं होतं, बायको नको म्हणेल — गुडघे आहेत, ऊन आहे, कारणांना काय तोटा — पण तिनं तिकिटांवरची वेळ वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, “मला ती जागा एकदा बघायचीच होती.” बस्स. यावर माणूस काय बोलणार? एकेचाळीस वर्षं बोटीनं पाऊण तासावर राहून तो या बाजूला फिरकला नव्हता, आणि फिरकला नाही हे तिच्या ध्यानात आलं नसेल असं आपलं तो समजून चालला होता.

गल्ल्या त्याच. दगडी फरशीत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चरी त्याच. पण वास नव्हता. धान्याचा, तागाचा, ओल्या दोरखंडाचा, शंभर माणसांच्या घामाचा तो दणकट वास — धुऊन काढला होता कुणीतरी. खिडक्यांना काचा, काचांमागे कुंड्या. जिथे वजनकाटा होता तिथे एक बाई कुत्र्याला घेऊन बाकावर बसली होती. कानातला आवाज सांगत होता, ही गोदामं कुणी बांधली, वीट कुठून आली, तुळया कसल्या लाकडाच्या; बरोबरची पंधरा-सोळा माणसं माना वर करकरून बघत होती, आणि तो खाली बघत चालला होता, कारण वर बघायची त्याला कधी सवयच नव्हती. पाठीवर पोतं असलं की माणूस खालीच बघतो.

निघण्याआधी त्या मुलीनं प्रत्येकाच्या हातात एक बिल्ला ठेवला होता. पत्र्याचा, पितळेसारखा रंगवलेला. “हा नीट सांभाळा हं, याची गंमत शेवटी.” त्यानं तो खिशात टाकला आणि मग तो खिसा चालताना मांडीला लागू नये म्हणून एका अंगानं चालायला लागला. गंमत म्हणे.

चार नंबरचं गोदाम आलं.  

“या इथे,” कानात आवाज आला, आणि तो जरा खाली गेला, गोष्ट सांगताना जातो तसा, “या इथे खरोखर घडलेली एक घटना तुम्हाला सांगते.”

आणि तिनं सांगितली. दोन-तीन महिन्यांतून एकदा गोदामात औषध सोडायचे, धान्याला सोंडे लागू नयेत म्हणून. सगळी माणसं बाहेर, खिडक्या बंद, दारांच्या फटींवर खळ लावून कागदाच्या पट्ट्या, आणि मग तीन दिवस आत कुणी पाय टाकायचा नाही. विषारी वायू, तासाभरात माणूस संपेल असा. म्हणून ते बिल्ले. प्रत्येक हमालाचा एक, नंबर कोरलेला. बाहेर पडताना दाराजवळच्या फळ्यावर आपल्या खिळ्याला अडकवायचा. सगळे खिळे भरले की आत कुणी नाही, की मुकादमानं दार लावायचं. पोरीनं अभ्यास चांगला केला होता. फळासुद्धा जुनाच, तोच, भिंतीवर तसाच ठेवलेला, फक्त वार्निश मारलेलं.

जे तिला माहीत नव्हतं ते कुठल्याच कागदात नव्हतं. गोणी दोघांनी उचलायची असते, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि सुटी झाली की जोडीतला जो पुढे निघेल तो दोघांचे बिल्ले लावून टाकायचा. रांग मोठी असायची, बोटीची वेळ व्हायची. मुकादम खळ ढवळायला वाकला की खट्, खट् — दोन. सगळेच करायचे. त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही कधी. मैत्रीतलंच एक काम होतं ते, जोडीदाराची चप्पल उचलून उन्हातून सावलीत ठेवावी तसं.

“एका शनिवारी,” आवाज म्हणाला, “एक हमाल बिल्ला लावून बाहेर पडला, आणि काहीतरी विसरलं म्हणून परत आत गेला. मुकादमाचं लक्ष नव्हतं. मुकादम, असं म्हणतात, दारू प्यायलेला होता. त्यानं दार लावलं, पट्ट्या चिकटवल्या. मंगळवारी दार उघडलं तेव्हा…”

पुढे ती मुलगी थांबली. थांबायची जागा तिनं ठरवलेलीच असणार. आणि त्या शांततेत कुणीतरी म्हणालं, “मुकादम दारू प्यायचा नाही.”

आवाज आपलाच आहे हे त्याला सगळ्यांच्या माना वळल्यावर कळलं.

“आजोबा? तुम्ही इथे कामाला होतात?”

“हे इथेच होते,” बायको म्हणाली. “सोळा वर्षं. आणि जो गेला तो माझा भाऊ.”

झालं. मंडळींनी आधी एकदम डोळे खाली केले, मग हळूच वर. एकानं खिशातून फोन काढला आणि बायकोनं त्याच्याकडे अशी एक नजर टाकली की तो पुन्हा आत गेला. गाईड मुलीचा चेहरा पांढरा पडला होता — बिचारी. रोज दोनदा सांगते ही गोष्ट, आणि गोष्टीतली माणसं पुढ्यात येऊन उभी राहतील हे तिला कुणी शिकवलं होतं?

“मला माफ करा, मला माहीत नव्हतं… आम्हाला जे लिहून दिलंय त्यात… पण मग मुकादमानं मोजलं कसं नाही?”

“मोजलं होतं,” तो म्हणाला. “सगळे खिळे भरलेले होते.”

“हो, म्हणजे तुमचे मेहुणे बिल्ला लावून परत आत गेले, बरोबर?”

सोळा माणसं. बायको धरून सोळा. त्याच्या कानातल्या बोंडात मुलीचा श्वास ऐकू येत होता. आता — आत्ता — दोन शब्द. नाही म्हणायचं फक्त. नाही, परत गेला नाही, तो बाहेर आलाच नव्हता…

“तसंच म्हणाले सगळे,” तो म्हणाला.

“वर जाता येतं का?” बायकोनं विचारलं.

येत होतं. जिना नवा होता, लोखंडी, कठड्याचा; पूर्वी नुसती शिडी होती. ती पुढे चढली. कठडा धरत, एकेक पायरी, कुठे थांबली नाही, हुश्श म्हणाली नाही. तो मागून तिच्या टाचा बघत चढला. माळा रिकामा होता. लाकडी फळ्या, उतरतं छप्पर, एका टोकाला खिडकीतून पाण्याचा तुकडा. एवढासा होता हा? तेव्हा थप्प्यांच्या मधून वाट काढताना गावच्या गाव वाटायचा.

“कुठे?” ती म्हणाली.

त्यानं हातानं दाखवलं. खिडकीच्या अलीकडे, तिसऱ्या तुळईखाली. मंगळवारी त्यालाच वर पाठवलं होतं सगळ्यांनी, जोडीदार म्हणून.

ती तिथे जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, “इथून खालची हाक ऐकू येते?”

“माल भरलेला असला की नाही येत.”

“मुकादमानं हाक मारली असेल?”

“मारायचा तो. तीनदा.”

तिच्या दादाला लंब्या म्हणायचे सगळे. मीसुद्धा. मेहुणा होता, वयानं मोठा होता, पण गोणीच्या दोन टोकांना नातं कसलं धरता? त्या शनिवारी सकाळपासून त्याला कणकण होती. शेवटची थप्पी लागली आणि तो वरच, पोत्यांवर, बसला. ‘दोन मिनिटं टेकतो रे. तू हो पुढे. आलोच.’ बिल्ला काढून माझ्या तळहातावर ठेवला — गरम होता, त्याच्या अंगचा ताप होता त्या पितळेत — आणि मी शिडी उतरलो, कारण अडीचची बोट होती आणि पुढची साडेतीनला. एवढंच. कुणी विचारलं, काय कारण होतं, तर एवढंच कारण. मुकादम खळ ढवळत होता. खट्, खट्. बोटीत मला खिडकीजवळची जागा मिळाली. आनंद झाला होता मला. तो आनंद अजून आठवतो, वाऱ्यासकट.

संध्याकाळी ती म्हणाली, ‘दादा नाही आला?’ शनिवारी तो जेवायला आमच्याकडेच असायचा. मी म्हणालो, ‘माझ्या पुढेच निघाला तो. गेला असेल मित्रांकडे.’ माझ्या पुढेच — का म्हणालो? तेव्हा तर काही लपवायचं नव्हतं. साडेतीनच्या बोटीनं येईल, आला नाही, तर कुठेतरी गेला असेल. पण ‘मागे राहिला’ म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, ताप असताना सोडून आलात? तेवढी बोलणी चुकवायला मी ते म्हणालो. आणि म्हणताना, अगदी म्हणतानाच, मनात पाल चुकचुकली. रविवारीही चुकचुकली. सोमवारी मी धक्क्यापर्यंत जाऊन आलो. गेलो, बोट बघितली, परत आलो. तोवर फार उशीर झालेला होता, हे खरं. पण मला ते माहीत होतं का? की उशीर झालेला असावा म्हणूनच मी…

चौकशीत मग तेच सांगितलं. घरी सांगितलं ते बाहेर दुसरं कसं सांगणार? मुकादम घसा फोडून सांगत होता, मी दारातून हललो नाही, आत कुणीही परत गेलेलं नाही. ते त्याच्याकडून कुणी ऐकून घेतलं नाही. जोडीनं बिल्ले लावणारे सत्तर जण बसले होते तिथे, सगळे मूग गिळून. काम गेलं त्याचं. माझी बायको पहिलं वर्षभर त्याला असे तळतळाट द्यायची की शेजारपाजारचे खिडक्या लावून घ्यायचे. मग ते बंद झालं. मला वाटलं, दुःख जरा ओसरलं.

“चला,” ती म्हणाली.

खाली सगळे फळ्याभोवती जमले होते आणि हसत होते. तेव्हाचे कामगार करायचे तसं आपणही जाताना आपला बिल्ला आपल्या खिळ्याला लावायचा — हीच ती गंमत. ज्याचा त्यानं. गाईड मुलगी मुकादमासारखी दाराशी उभी राहून मोजत होती, पण आता तिच्या मोजण्यात काही जान नव्हती, ती सारखी बायकोकडे बघत होती. बायको दाराजवळच्या बाकावर टेकली. पर्समधून बिल्ला काढला आणि त्याच्यापुढे धरला.

“माझाही लावा तेवढा.”

फळा दहा पावलांवर.

“तुझा तू लाव!”

ओरडला तो. छताला जाऊन आदळला आवाज. कुणाच्या तरी हातातून पाण्याची बाटली पडली. गाईड मुलगी दचकून पुढे आली, “द्या ना आजी, मी लावते,” आणि तो तिच्यावरही वस्सकन ओरडला, “नाही! तिचा तिनं लावायचा!” — कानशिलं तापलेली, सत्तरीचा म्हातारा, लोकांना वाटलं असेल डोक्यावर परिणाम झालाय. वाटू दे.

बायकोनं वाद घातला नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. बाजारात फळ हातात घेऊन बघावं तसं, नीट, सगळीकडून. मग बाकाला हात टेकून उठली, फळ्यापर्यंत गेली, आपला नंबर शोधला, बिल्ला अडकवला आणि तशीच, मागे वळून न बघता, शेजारच्या चहाच्या दुकानाकडे चालू लागली.

दुकान म्हणजे जुनं कारकुनाचं ऑफिस. दोन कप घेऊन ती पाण्याकडेच्या टेबलाशी बसली होती. तो समोर बसला. कानातलं बोंड काढायचं राहिलं होतं. त्यातून मुलगी पलीकडच्या गल्लीत बोलत होती, पाचव्या गोदामाबद्दल, आवाज मधूनमधून तुटत होता.

“ओरडायला नको होतं मी,” तो म्हणाला.

तिनं साखर ढवळली.

“मुकादमाची बायको आली होती एकदा,” ती म्हणाली.

“कुठे?”

“घरी. दादा गेल्याच्या पुढच्या वर्षी. तुम्ही नव्या कामावर होतात. मी तिला दारातच उभं केलं. पाणीसुद्धा विचारलं नाही.”

कानातला आवाज तुटला, पुन्हा आला. त्यानं बोंड उपटून टेबलावर ठेवलं.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, ताई, शिव्या द्या, पण एक ऐका. आमचे हे दारातून हलले नव्हते, आत कुणी परत गेलं नाही. मग तुमच्या भावाचा बिल्ला लावला कुणी, एवढं तुमच्या माणसाला विचारा.”

“मग?”

“मग काय. दार लावून घेतलं.”

बाहेर पाणी धक्क्याच्या दगडांवर चपचप करत होतं. बोलायला हवं होतं, आणि पहिला शब्द कुठला हेच सापडत नव्हतं. इतकी वर्षं पाठ करून ठेवलेली सगळी वाक्यं तिला काहीच माहीत नाही असं धरून होती.

“विचारलं नाहीस,” तो शेवटी म्हणाला.

“नाही. विचारलं असतं तर मला राहता आलं नसतं. आणि जायचं कुठे? माहेर म्हणजे दादाच होता.”

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, भाजी महाग झाली म्हणावं तसं.

“मग आता विचार.”

“आता कशाला?” तिनं कप उचलला. “ओरडलात ना मघाशी. पुरे झालं तेवढं.”

म्हणजे ती… दहा पावलं. अख्खा जिना चढली, उतरली, आणि दहा पावलांसाठी बिल्ला पुढे केला. ते सुचलं तरी कधी तिला? बाकावर बसताना? की तिकिटं आली त्या दिवशी, चष्मा काढताना? रागच आला त्याला, खरा, सणसणीत राग — मला एकट्याला ठेवलंस! रोज मला वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू, आणि तू तिथे समोर बसून… आणि मग राग जसा आला तसा गेला, कारण तो कुणावर धरायचा? ती चहा पीत होती. पदराला सांडलेला थेंब बोटानं टिपत होती. त्याला वाटलं होतं, सांगून झालं की हलकं वाटेल. न सांगताच सांगून झालं होतं, आणि हलकं काहीच झालं नव्हतं. उलट मागची चाळीस वर्षं, जी निदान त्याची होती, वाईट तर वाईट पण ओळखीची, ती एकाएकी कुणा परक्याची वाटायला लागली. आजारपणात तिनं उशाशी काढलेल्या रात्री. भांडणात मध्येच गप्प होणं. दादाचा फोटो तिनं आपल्या हातानं भिंतीवरून काढून पेटीत ठेवला, तेव्हा तो म्हणाला होता, ‘राहू दे की,’ आणि ती म्हणाली होती, ‘नको, तुम्हाला त्रास होतो.’ किती समजूतदार बायको, असं वाटलं होतं मला. आता ते सगळं पुन्हा बघायला हवं, एकेक दिवस काढून, ती जाणते आहे असं धरून. आणि तेवढे दिवस आता हातात नव्हते.

“थंड होतोय चहा,” ती म्हणाली.

लेक झाली तेव्हाचं आठवलं. दादा जाऊन दोन वर्षं झाली होती. म्हणजे मुकादमाची बायको येऊन गेल्यालाही वर्ष झालेलं. दवाखान्यातली लोखंडी कॉट, खिडकीत वाळत घातलेली दुपटी. मी बाळ घ्यायला हात पुढे केले आणि तिनं ते माझ्या हातांवर ठेवलं, पण सोडलं नाही. खाली माझे हात, वर तिचे, मध्ये ते एवढंसं लाल गाठोडं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी हसून म्हणालो होतो, ‘दे की, पाडणार नाही मी.’ तरी तिनं आणखी थोडा वेळ घेतला, आणि मग हात काढले. नव्या आईचा जीव, दुसरं काय, असं मी तेव्हा समजलो, आणि पुढे किती जणांना ते कौतुकानं सांगितलं. आता ती समोर होती, हात कपाभोवती, आणि मला विचारायचं होतं, तेव्हा तू काय बघत होतीस. विचारवेना.